सरपंचांनी नावांची यादी आणून दिलीय, आता शाळा व्यवस्थापन समिती निवडायची कशी?

सर, तुमचा प्रश्न नीट वाचला. चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, पट ३८, दोन शिक्षक, तुम्ही यंदा जूनपासून प्रभारी मुख्याध्यापक. जुन्या समितीची दोन वर्षं संपलीत आणि पालकसभेची तारीख ठरायच्या आधीच सरपंचांच्या माणसाने बारा नावांची यादी टेबलावर आणून ठेवलीय, वरती अध्यक्षाच्या नावासकट. यादी घेतली तर उद्या कोणी तक्रार केली की तुम्ही अडकणार, नाही घेतली तर गावात नोकरी करणं अवघड. मी २९ वर्षं याच कामात काढली, शेवटची नऊ वर्षं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करत, आणि हा पेच दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शाळेत बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी यादीचं बघू. ती परत करू नका आणि तिच्यावर सहीपण करू नका. हजेरीपट काढा आणि एकेका नावापुढे लिहा की यांचं कोणतं मूल आज आपल्या शाळेत शिकतंय. माझा अनुभव असा आहे की बारापैकी पाच-सहा नावांपुढे काहीच लिहिता येत नाही, कोणाची मुलं गाडीने तालुक्याला इंग्लिश मीडियमला जातात, कोणाची पोरं कधीच चौथी पास होऊन गेलीत. मग सरपंचांना भेटायला जा, एकटे जा, चारचौघात हा विषय काढू नका, आणि सांगा की यादीतले जे पालक आहेत त्यांना सभेला नक्की पाठवा, पालकांनी त्यांना निवडलं तर मला आनंदच आहे, आणि ग्रामपंचायतीची म्हणून जी एक जागा आहे ती तुमचीच, तिचं नाव ग्रामपंचायतीने लेखी कळवायचंय. बहुतेक सरपंच एवढ्यावर निवळतात. त्यांना मान हवा असतो, आणि तो कायद्यातच ठेवलाय हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण बोलताना तोंडपाठ असलेलं बरं पडतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्यातलं कलम २१ या समितीचं आहे. किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या राज्याने १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने त्याची रचना ठरवली, सचिव सोडून १२ ते १६ सदस्य. तुमच्या ३८ पटाला १२ पुरेत, मोठी समिती करून कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, जमवत फिरू नका. १२ मधले ९ पालक, १ ग्रामपंचायतीचा, १ शिक्षक म्हणजे तुमच्या शाळेत तो आपोआप दुसरा शिक्षक, आणि १ शिक्षणातला जाणकार, तो पालकांनी निवडायचा. मुख्याध्यापक सदस्य सचिव. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष फक्त पालक सदस्यांतूनच. शिवाय दोन विद्यार्थी निमंत्रित, त्यात एक तरी मुलगी.

इथे गणित आधी मांडून बघा, नाहीतर शेवटी फसायला होतं. बारात सहा बायका लागणार. ग्रामपंचायतीने पुरुष पाठवला, दुसरे शिक्षक पुरुष, जाणकार म्हणून रिटायर्ड गुरुजी घेतले, की ९ पालकांत ६ आया घ्याव्याच लागतात. म्हणून मी प्रत्येक मुख्याध्यापकाला सांगायचे की आया आधी निवडा, बापांच्या जागा नंतर. तसंच समजा ३८ पैकी १४ मुलं तांड्यावरची, म्हणजे वंचित घटकातली, असतील तर ९ मधले ३ पालक तरी तांड्यावरचेच हवेत, आणि ते गावातल्या लोकांनी सुचवलेले नकोत, तांड्याने स्वतः सांगितलेले हवेत. जाणकाराच्या जागेवर मी अंगणवाडीताईंचा आग्रह धरायचे. त्यांना गावातलं प्रत्येक मूल जन्मल्यापासून माहीत असतं, आणि सहा वर्षांची कोणती पोरगी अजून पहिलीत आली नाही हे त्या न बघता सांगतात.

आता खरं काम, पालकसभा. समिती चांगली होणार की कागदावरची हे त्या एका सभेत ठरतं, आणि सभा कशी होणार हे तुम्ही ती किती वाजता आणि कुठे घेता यावर ठरतं. दुपारी दोनला नोटीस काढून सभा घेतली की कापूस वेचायला गेलेली एकही बाई येत नाही, येतात ती मोकळी असलेली चार माणसं, आणि मग तीच चार माणसं समिती होतात. मारुतीच्या पारावर घेतली की बाया येत नाहीत, आल्या तरी लांब भिंतीला टेकून उभ्या राहतात, बोलत तर नाहीतच. मला सगळ्यात बरी वाटली ती शाळेच्या व्हरांड्यातली, संध्याकाळी साडेसात-आठची, जेवणं व्हायच्या आत. नोटीस नुसती फळ्यावर लावू नका, प्रत्येक मुलाच्या वहीत दोन ओळी मुलाच्याच हातून लिहून द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि तांड्यावर किंवा वस्तीवर स्वतः एक चक्कर मारा. खुर्च्या काढूच नका. खुर्च्या काढल्या की त्यावर कोण बसणार हे गावात आधीच ठरलेलं असतं, सगळ्यांनाच सतरंजीवर बसवा आणि तुम्हीही बसा.

मग इयत्तेप्रमाणे घोळके करा. पहिलीचे पालक इकडे, दुसरीचे तिकडे, असे चार घोळके, आणि प्रत्येकाने आपसात बोलून दोन नावं द्यायची, नववं नाव शेवटी सगळ्यांनी मिळून. हे केलं की पुढाऱ्याने उभं राहून नावं वाचायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या हा प्रकारच होत नाही, कारण सहा-सात जणांत बसलेली बाई बोलते, साठ जणांत नाही बोलत.

एका गावातली सभा मला अजून डोळ्यांपुढे दिसते. दुसरीच्या घोळक्यात सहा जणं होते, त्यात चार आया, नावं काही ठरेनात, सगळ्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. मांडीवर तान्हं पोर घेऊन बसलेली एक बाई मधेच म्हणाली, "समितीत गेलेल्यानं संडासच्या किल्लीचं बघायचं का?" मी विचारलं कसली किल्ली. तर मुलींच्या शौचालयाला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, घाण होते म्हणून, साहेब येणार असले की उघडायचं, आणि पोरी शाळेमागच्या बाभळींच्या आडोशाला जायच्या. मुख्याध्यापक तिथेच बसलेले, ते खाली बघायला लागले. घोळक्यातल्या बाया तिलाच म्हणाल्या, मग तूच जा, तूच बघ. ती निवडली गेली, पुढे उपाध्यक्ष झाली. दुसऱ्या दिवशी किल्ली वर्गाच्या दाराजवळ खिळ्याला टांगली, पोरींच्या हाताला येईल अशा उंचीवर, आणि पहिल्या बैठकीत ठराव झाला तो पाण्याच्या ड्रमचा आणि झाडलोटीच्या पाळीचा. त्या बाईला वाचता येत नव्हतं, अजेंडा तिची मोठी मुलगी वाचून दाखवायची. लिहिता-वाचता येणारेच सदस्य हवेत असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते, तशी अट कायद्यात कुठेच नाही.

तुमचं गाव पण ऊसतोडीचं आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे हा भाग मुद्दाम जास्त लिहिते. निम्मे पालक दसऱ्या-दिवाळीनंतर कारखान्याला जाणार आणि मार्च-एप्रिलला परतणार. बरेच मुख्याध्यापक म्हणतात की मग त्यांना घ्यायचंच कशाला, बैठकीला कोण येणार. असं केलं की ज्या मुलांचं शिक्षण सगळ्यात जास्त धोक्यात असतं त्यांच्याच घरचं माणूस समितीत राहत नाही. कायदा आई-वडील किंवा पालक म्हणतो, तो शब्द वापरा. मूल सहा महिने आजीजवळ राहत असेल तर त्या सहा महिन्यांत त्याची पालक आजीच आहे, आजीला सदस्य करा. आज्या बैठकीला वेळेवर येतात आणि स्पष्ट बोलतात.

आणि हे नुसतं मानाचं नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह हवं असेल तर ते समितीच्या ठरावावर चालतं आणि चालवतेही समितीच. कोणत्या घरातलं कोण मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कोणत्या टोळीत जाणार, मुलांना सोबत नेणार की ठेवणार, ही माहिती दिवाळीच्या आधी पाहिजे, टोळी गाडीत बसल्यावर नाही. ती माहिती तुम्हाला सर म्हणून कोणी देणार नाही, त्या आजीला मात्र सगळी असते. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत समितीत दोन आज्या आल्यावर त्यांनी घरोघरी जाऊन नऊ मुलं थांबवली, एकीने तर गाडी निघायच्या दिवशी पहाटे जाऊन पोरीचं दप्तर उतरवून घेतलं.

याची उलटी बाजू पण बघितलीय. एका शाळेची तपासणी करताना डिसेंबरच्या बैठकीचं प्रोसिडिंग वाचत होते, सगळं व्यवस्थित, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर, खाली सह्या आणि अंगठे. त्यातला एक अंगठा ज्या बाईचा होता ती त्या महिन्यात दोन-अडीचशे किलोमीटरवर फडात होती, तिची मुलगी माझ्यासमोर वर्गात बसलेली, तिनेच सांगितलं की आई-बाबा दिवाळीनंतर गावात आलेच नाहीत. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता, शिकवायचाही चांगला, पण वर्षाच्या बैठकांचं रजिस्टर पूर्ण करायला घरोघरी सह्या घ्यायची सवय लागली होती आणि एक अंगठा कोणाचातरी लावला. सर, हे कधीच करू नका. बैठक दर महिन्याला घ्यायचीय, पण एखाद्या महिन्यात कोरम झाला नाही तर तसं लिहा, किती आले, कोण आले, तहकूब, पुढची तारीख. रिकाम्या बैठकीसाठी कोणी तुम्हाला फार बोलणार नाही, खोट्या अंगठ्यासाठी नोकरीवर येतं.

बायकांच्या जागेवर नवरे येतात, हा पुढचा प्रश्न. "ती कशाला, मी आलोय ना" असं म्हणत येतात आणि सही पण करायला बघतात. यावर भांडण न करता एकच नियम ठेवा, सही फक्त सदस्याची, बाकीच्यांनी खुशाल बसावं. अजेंडा बाईच्या नावाने काढा आणि तिच्या मुलाच्या हाती पाठवा. बैठकीत विचारताना नाव घेऊन तिलाच विचारा, नवऱ्याने उत्तर दिलं तर ऐकून घ्या आणि परत तिलाच विचारा. तीन-चार बैठकांत नवरे यायचे थांबतात, कारण त्यांनाही शेतात कामं असतात.

अध्यक्ष कोण असावा यावर नियमात पालक असावा एवढंच आहे, पण माझं मत विचाराल तर तीन गोष्टी बघा. त्याचं मूल पहिली-दुसरीत असावं, म्हणजे मधेच चौथी पास होऊन अध्यक्षाचं पालकपणच संपलं असं होत नाही. तो गावात राहणारा असावा, कारण समितीच्या बँक खात्याच्या कामात तुमच्याबरोबर त्याची सही लागते. आणि गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, नसावा, शाळेत वाळू-सिमेंट टाकणारा माणूस आणि बिलावर सही करणारा माणूस एकच झाला की पुढचं सगळं तुमच्या गळ्यात येतं. सभेच्या रात्रीच अध्यक्ष निवडायची घाई करू नका, नऊ पालक एकदा ठरले की आठवड्याच्या आत पहिली बैठक लावा आणि तिथे त्यांनाच ठरवू द्या, तोपर्यंत गावातलं वातावरणही निवतं. दोघं-तिघं अडून बसले तर गुप्त चिठ्ठ्या टाका.

पहिल्या बैठकीत पैशांचं सांगा, तिथूनच विश्वास बसतो. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं २५,००० संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे, ३० पर्यंत १०,००० आणि १०१ ते २५० ला ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, म्हणजे तुमच्याकडे २,५००. हे फळ्यावर लिहा, खाली मागच्या वर्षीचा खर्च लिहा, लाइट बिल किती, खडू-रजिस्टर किती, नळ दुरुस्ती किती. पैसे उशिरा आणि तुकड्यांत येतात हेही सांगून टाका, नाहीतर २५,००० आले आणि सरांनी खाल्ले असं गावात व्हायला वेळ लागत नाही. गणवेशाचंही तसंच. मधे २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश म्हणून ते काम वरून झालं, वेळेवर मिळाले नाहीत, मापं चुकली अशा तक्रारी राज्यभर आल्या, आणि २०२५-२६ पासून ते परत समितीकडे आलं. एका गणवेशाला ३०० रुपये, दोन जोड्यांचे ६००, म्हणजे ३८ मुलांचे २२,८०० होतात. दोन-तीन दुकानांतून कापडाचे तुकडे आणून बैठकीत फिरवा, आयांना हातात घेऊन चुरगाळून बघू द्या, त्यांना कापड तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि गावातच शिवणारी बाई असेल तर तिचा दर विचारा.

पोषण आहाराचं एकच सांगते, चवीच्या रजिस्टरवर सही करणारी आई त्या दिवशी खरंच शाळेत येऊन जेवलेली असावी. सदस्यांच्या पाळ्या लावून द्या.

तुमची दुसरी भीती तुम्ही स्पष्ट लिहिली नाही पण ओळींमधून कळली, की ही माणसं उद्या वर्गात येऊन हजेरी मागतील, व्हिडिओ काढतील, दम देतील. समितीला शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवायचा अधिकार आहे, कलम २१ तसंच म्हणतं, शिक्षक वेळेवर येतात का हे त्यात आलंच आणि ते आपण मान्य केलं पाहिजे. पण हा अधिकार समितीचा आहे, एकट्या अध्यक्षाचा नाही. जो काही निर्णय तो बैठकीत, ठराव करून. कोणी एकटा येऊन हुकूम सोडायला लागला तर नम्रपणे म्हणा, हा विषय पुढच्या अजेंड्यावर घेतो, आणि खरंच घ्या. आणि समिती तुमच्या बाजूनेही उभी राहू शकते हे विसरू नका. शाळेच्या वेळात तुम्हाला भलत्याच कामाला लावलं तर कलम २७ आहे, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला लावता येत नाही, आणि हे तुम्ही एकट्याने लिहिण्यापेक्षा बारा जणांच्या समितीने ठराव करून पाठवलं तर त्याला वजन येतं. दुसरा शिक्षक बदलून गेला आणि जागा रिकामी राहिली तेव्हापण हाच मार्ग.

तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करणं हेही समितीचंच काम, कलम २२. तो संगणकावरून कॉपी करू नका, मुलांना विचारून करा, निमंत्रित दोन विद्यार्थी त्यासाठीच असतात. मागे चौथीतल्या एका मुलाने सांगितलं होतं की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तांड्यावरची पोरं शाळेत येऊच शकत नाहीत. आराखड्यात तोपर्यंत रंगरंगोटी पहिल्या नंबरवर होती.

हे वाचणारे दुसऱ्या शाळांतलेही असतील म्हणून दोन वाक्यं. खाजगी अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देते, निर्णय संस्थेचा. विनाअनुदानित खाजगी शाळेला कलम २१ लागूच नाही, तिथे २०११ च्या फी कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या काढून, आणि तिचं मुख्य काम फीचं. तिथल्या पालकांनी इथले नियम शाळेपुढे ठेवू नयेत, उपयोग होणार नाही.

निवड झाली की त्याच आठवड्यात सदस्यांची नावं शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्या, मुदत कधी संपणार त्या तारखेसह. यादी आणि सभेच्या इतिवृत्ताची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. मग बँक. खात्यावरची सही बदलायला आठ-दहा दिवस जातात आणि तेवढ्यात अनुदान येऊन पडलं तर खर्च करता येत नाही. जुन्या अध्यक्षांना नव्यांसोबत गाडीवर बसवून एकाच दिवशी घेऊन जा, ठरावाची प्रत, दोघांची आधार कार्डं आणि फोटो बरोबर ठेवा. जुन्या अध्यक्षांना जाताना शाळेत बोलावून मुलांसमोर नारळ आणि शाल द्या, दोन वर्षं त्यांनी बिनपगारी वेळ दिलेला असतो. सरपंचांनाही त्या दिवशी बोलवा.